नोकरी, घर अन् रविवारचा बँड: दर शनिवारी पैसे घेऊन वाजवावं का?

सहातारी

नमस्कार मंडळी. इथे बरेच दिवस नुसतं वाचून राहिलो होतो, आज लिहायला बसलो कारण आमच्या बँडात एक प्रश्न उभा झालाय अन् तो नुसता गाण्याबजावण्याचा नाही, घराचा पण आहे. म्हणून वाजवणाऱ्यांनी तर बोलावंच, पण त्यांच्या घरच्यांनी पण बोलावं.

आम्ही पाच जणं. मी गिटार, दिवसा बँकेत. गाणारी ताई शाळेत गणित शिकवते, वयानं माझ्यापेक्षा लहान आहे पण सगळे ताईच म्हणतो. कीबोर्डवाला रेल्वेत लोको पायलट, मालगाडीवर, म्हणजे कॉल कधी येईल अन् बल्लारशाला जायचं की आमल्याला हे त्याचं त्यालाच माहीत नसते. बास गिटारवाला हिंगण्याकडे एका कॉलेजात शिकवतो. अन् ठेक्याला आमचा इतवारीचा भाऊ, हार्डवेअरचं दुकान आहे त्याचं. पहिले पूर्ण ड्रमसेट वाजवायचा, पण प्रॅक्टिस इथं नागपुरात प्रतापनगरला माझ्या घरी खालच्या खोलीत सुरू झाली तेव्हा शेजारपाजारचा विचार करून कहोनवर आला. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी, कहोन म्हणजे लाकडी खोका, त्याच्यावरच बसायचं अन् पुढच्या फळीवर हातानं वाजवायचं, मधोमध मारलं की घुमतो अन् वरच्या काठाला मारलं की कडक आवाज देतो.

रविवारी सकाळी नऊ ते बारा प्रॅक्टिस. मग बायकोच्या हातची सांबारवडी (म्हणजे कोथिंबिरीची) नाहीतर ताईच्या डब्यातलं काहीतरी, अन् मग ज्याचा त्याचा रविवार. वर्षातून काही कार्यक्रम होतात, कोणाच्या सोसायटीचा गणपती, कोणाच्या आईवडिलांच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस, ताईच्या शाळेचं गॅदरिंग. पैसे कधी घेतले नाहीत, घेतले तर साउंडवाल्याचे तेवढे.

आता वर्धा रोडवरच्या एका हॉटेलातून विचारणा आली आहे. दर शनिवारी साडेआठ ते साडेअकरा, पैसे ठरलेले, चांगले आहेत. ताई अन् इतवारीचा भाऊ तयार आहेत. रेल्वेवाला म्हणतो मी दर शनिवारचा शब्दच देऊ शकत नाही. बासवाला म्हणतो जे ठरेल ते. मला जायचं नाहीये, अन् का नाही ते नीट सांगतो.

माझे बाबा ७८ वर्षांचे. पोस्टातून रिटायर झाले. आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळात त्यांनी आयुष्यभर पेटी वाजवली, दर शनिवारी संध्याकाळी मारुतीच्या देवळात. दोन वर्षांपूर्वी त्यांना पॅरालिसिसचा अटॅक आला, डावी बाजू गेली. बोलणं शाबूत राहिलं, उजवा हात शाबूत राहिला, पण पेटीला दोन हात लागतात, उजवा सुरांवर अन् डावा भात्यावर. दवाखान्यातून घरी आल्यावर त्यांनी पेटीकडे बघणंच सोडून दिलं होतं, मी झाकून ठेवतो म्हटलं तर म्हणे "देऊन टाक कोणाले तरी, वाजवणाऱ्याच्या घरी जाऊ दे."

माझी पोरगी तेव्हा आठवीत. ती एक दिवस पेटीच्या त्या बाजूला जाऊन बसली अन् भाता हलवायला लागली. बस्स, तेवढंच. बाबांनी सा दाबला. पहिले पहिले ती जोरात हवा द्यायची, आवाज भसकन मोठा व्हायचा अन् मग मधेच तुटायचा. पण भाता म्हणजे पेटीचा श्वास असतो, कुठे भरून द्यायची, कुठे नुसती धरून ठेवायची, हे ती बाबांच्या चेहऱ्याकडे बघून शिकली. आज ती दहावीत आहे, क्लास आहे, ट्यूशन आहे, पण शनिवारी संध्याकाळी सात वाजता ती खाली येते म्हणजे येते. मंडळातले बाबांचे दोन मित्र येतात, टाळ घेऊन. आई बसते. मी गिटारवर बाबांच्या मागं मागं हळूच वाजवतो. साडेनऊ-दहापर्यंत चालते.

हे आमच्या घरातलं सगळ्यात मोठं सुख आहे अन् ते बरोबर शनिवारीच येते.

दुसरीकडे इतवारीच्या भावाचं पण खरं आहे. त्याच्या मोठ्या मुलाच्या इंजिनिअरिंगची फी आहे, दुकान पहिल्यासारखं चालत नाही, महिन्याचे चार शनिवार म्हणजे त्याला मोठा हातभार आहे. मी नाही म्हटलं तर त्याच्या पोराच्या फीच्या आड मी येतो. बाबांच्या आजारपणात हाच माणूस रात्री दवाखान्यात माझ्यासोबत बाकड्यावर झोपला होता अन् सकाळी सरळ दुकान उघडायला गेला होता.

तर ज्यांनी असं काही पाहिलंय त्यांनी सांगा. हौशी बँडानं दर आठवड्याचं काम धरलं की काय होते? बँड टिकतो का? घरी काय फरक पडतो?

महालचा_पोट्टा

दादा आधी पेटीचं वाचून डोळे भरले, मुलीला आशीर्वाद सांगा.

आता कामाचं बोलतो कारण मी ऑर्केस्ट्रात आहे, लग्नाच्या सीझनला फुल बिझी असतो. हॉटेलवाले तीन तास म्हणतात ते तीन तास नसतात हे पहिले समजून घ्या. साडेआठला सुरू करायचं म्हणजे साडेसहाला सामान उतरवायचं, स्पीकर लावायचे, माइक चेक, फीडबॅक म्हणजे स्पीकरची शिट्टी कुठं येते ते पाहायचं, कारण हॉल रिकामा असतो तेव्हाचा आवाज वेगळा अन् माणसं बसल्यावरचा वेगळा. साडेअकराला संपलं की केबल गुंडाळणे, गाडीत भरणे, जेवण जर देत असतील तर किचन बंद व्हायच्या आत जेवणे, घरी पोचता पोचता एक वाजते. म्हणजे शनिवारची अख्खी संध्याकाळ अन् रविवारची सकाळ पण गेली समजा, नऊच्या प्रॅक्टिसला कोण उठते मग.

अन् गाणी. पाऊण-पाऊण तासाचे तीन सेट असतात बहुतेक, म्हणजे तीस तरी गाणी बसलेली पाहिजे, वरून फर्माइश येते ती वेगळी. आता तुम्ही तुमच्या आवडीची गाणी वाजवत असाल, तिथं टेबल नंबर चारला जे पाहिजे ते वाजवावं लागते. मी हे तक्रार म्हणून नाही सांगून राहिलो, मला ते काम आवडते, पोट त्याच्यावर आहे, हात पण त्याच्यानंच तयार झाला. सहा महिने दर आठवड्याला लोकांसमोर वाजवलं की जे येते ते खोलीत सहा वर्षं वाजवून येत नाही. पण तुमचा बँड आहे तसा राहणार नाही, दुसरा होईल. चांगला होईल का वाईट ते तुमच्यावर.

ड्रमरची_बायको

सहातारी दादा, तुम्ही घरच्यांनी बोलावं म्हणालात म्हणून लिहिते, मी काहीच वाजवत नाही.

आमच्याकडे नवऱ्याचं ड्रम वाजवणं लग्नाच्या आधीपासून आहे, मी बघायला आले तेव्हा सासूबाईंनीच सांगितलं होतं की हा वाजवतो, बंद कर म्हणशील तर आताच सांग. मी नाही म्हटलं बंद कर, आजही म्हणत नाही. मला तो वाजवताना आवडतो, त्या वेळी त्याच्या चेहऱ्यावर जे असते ते ऑफिसमधून आल्यावर नसते, अन् माझ्या पोरांनी बापाला तसं बघावं असं मला मनापासून वाटते.

मला त्रास व्हायचा तो दुसऱ्याच गोष्टीचा. आदल्या दिवशी कळायचं की उद्या कार्यक्रम आहे. माहेरी जायचं ठरलेलं, पोराचा वाढदिवस ठरलेला, अन् फोन येणार. आता आमच्याकडे पद्धत आहे, महिना लागायच्या आधी कालनिर्णयवर त्याच्या तारखा लाल पेनानं अन् घरच्या निळ्या पेनानं. निळ्याला कोणीच हात लावायचा नाही, कितीही पैसे मिळू दे. दिवाळीचे दिवस निळे, पोळा अन् तान्हा पोळा निळा, कारण पोरं नंदी घेऊन जातात तेव्हा बाप पाहिजेच. गणपती अन् नवरात्र पूर्ण लाल, तेव्हा मी तक्रार करत नाही, उलट जमलं तर पोरांना घेऊन पहिल्या रांगेत बसते.

तुमचा शनिवार हा निळा आहे दादा. एवढं स्पष्ट आहे की मला विचार पण करावा लागला नाही. पण तुमच्या मित्राच्या घरी त्याच्या बायकोला विचारा, तिच्यासाठी कदाचित तोच शनिवार लाल असेल, अन् तिचं पण बरोबर असेल.

काळी_एक

मी वयानं तुमच्यापेक्षा मोठा, गाणं शिकलो, नोकरी केली, मैफल मोठी कधी केली नाही. तरी दुसरी बाजू मांडतो.

आपल्या सिव्हिल लाइन्समधलं सभागृह ज्यांच्या नावाचं आहे ते डॉ. वसंतराव देशपांडे, त्यांचंच घ्या. १९२० साली मूर्तिजापूरला जन्म, आईनं एकटीनं वाढवलं, नागपुरात शंकरराव सप्रे गुरुजींकडे शिकले, अन् एवढं अफाट गाणं गळ्यात असून पुण्याला मिलिटरी अकाउंट्समध्ये कितीतरी वर्षं नोकरी केली. घर चालवायचं होतं. शेवटी चाळिशी उलटल्यावर नोकरी सोडली अन् पूर्णवेळ गायला लागले. १९८३ ला गेले. म्हणजे पूर्णवेळ गाण्याची जेमतेम दोन दशकंही मिळाली नाहीत त्यांना. मला नेहमी वाटते दहा वर्षं आधी सोडली असती नोकरी तर आपल्याला किती जास्त ऐकायला मिळालं असतं.

म्हणून म्हणतो, दार उघडलं तर निदान आत डोकावून पाहावं. तुमच्या गायिकेच्या मनात काय आहे ते विचारलं का कोणी? शाळेत गणित शिकवणाऱ्या बाईला आठवड्यातून एकदा माइक मिळून राहिला आहे, अन् ती तयार आहे म्हणता. तिच्यासाठी हा पैशाचा प्रश्न नसेलही.

सहातारी

@काळी_एक काका, तुमचं वाचून रात्री ताईला फोन केला. तुम्ही म्हणता तेच निघालं. ती म्हणाली तिला पैशाचं काही नाही, तिला अनोळखी लोकांपुढं गायचं आहे. घरचे, शाळेतले, सोसायटीतले सगळे कौतुकच करतात अन् तिला कळत नाही की आपण खरंच कुठं उभे आहोत. सासूबाई म्हणाल्या जा तू, मुलांचं शनिवारचं मी पाहते. काका, हे आमच्यात कधी बोललंच गेलं नव्हतं, तुमच्यामुळे बोललं गेलं, मनापासून धन्यवाद.

वसंतरावांबद्दल मला वेगळं वाटते एवढं सांगतो. जी वर्षं त्यांनी नोकरी केली ती गाण्यातून वजा झाली असं मला वाटत नाही. आईनं कष्टानं वाढवलेला मुलगा घर उभं करतो, अन् त्याच्यासोबत गातही राहतो, ते सगळं गळ्यात उतरतेच ना. पण तुमच्याएवढं मी ऐकलेलं नाही.

@ड्रमरची_बायको वहिनी, लाल-निळं आमच्या फ्रिजवर आज संध्याकाळी लागलं. पोरीनंच लावलं, अन् शनिवारचे सगळे चौकोन तिनं न विचारता निळे केले.

कान_नाक_घसा

थोडं विषयाबाहेर वाटेल पण दर आठवड्याला तीन तास वाजवणार असाल तर कानाचं लिहिणं माझं काम आहे. ८५ डेसिबल आवाज दिवसाला आठ तासांपर्यंत चालतो असं धरतात, पुढं दर ३ डेसिबलला वेळ अर्धी होते. म्हणजे ९४ ला एक तास अन् १०० ला फक्त पंधरा मिनिटं. बंद हॉलमध्ये मॉनिटर स्पीकर (वाजवणाऱ्याला स्वतःचं ऐकू यावं म्हणून ठेवलेला) पायाशी अन् ड्रम मागं असेल तर १०० सहज जातो. गेलेलं ऐकणं परत येत नाही, कानातली शिट्टी पण कायमची राहू शकते. संगीतवाल्यांचे खास इअरप्लग मिळतात, ते सगळेच सूर सारखे कमी करतात त्यामुळे गाणं बोथट होत नाही. कापूस घालू नका, त्याचा उपयोग जवळजवळ नाहीच. मुलगी खोलीत बसत असेल तर तिला पण द्या.

तुम्ही कहोनवर आलात हे शेजाऱ्यांइतकंच तुमच्या कानांसाठी पण बरं झालं.

पुण्यात_नागपूरकर

मी फक्त एवढंच सांगायला आलो की तो रविवार सोडू नका.

आमचा पण बँड होता, धरमपेठेत, कॉलेजपासूनचा. मग एक पुणे, एक बंगलोर, एक तिकडं कॅनडाला. २०२० मध्ये सगळे घरी बसलो तेव्हा कोणीतरी म्हटलं चला व्हिडिओ कॉलवर वाजवू. सगळ्यांनी वाद्यं काढली, धूळ झटकली, अन् पहिल्याच ओळीत कळलं की होत नाही. मी ठेका दिला तर तिकडे तो उशिरा पोचते, तो त्या उशिराच्या ठेक्यावर वाजवतो, ते माझ्याकडे आणखी उशिरा येते, दोन ओळींत सगळं गाणं मंदावत मंदावत बसून जाते. नंतर वाचलं की पंचवीस-तीस मिलिसेकंदांच्या वर उशीर झाला की एकत्र वाजवणं कठीण होते, अन् आवाज हवेतून एक मीटर जायला तीन मिलिसेकंद घेतो, म्हणजे फार तर आठ-दहा मीटरच्या आत बसावं लागते माणसांना. एका खोलीत. शेवटी आम्ही क्लिकवर, म्हणजे कानात टिकटिक ठेका लावून, एकेकट्यानं रेकॉर्ड करून जोडलं, गाणं झालं छान, पण एकमेकांकडे बघून जे हसतो ना आपण, चुकल्यावर अन् जमल्यावर, ते कुठून आणायचं.

आई नागपूरला एकटी असते, फोनवर अजून विचारते तुमचे पोट्टे भेटतात का रे. तिला आमचा आवाज घरात हवा असायचा. परीक्षेच्या दिवसांतसुद्धा कधी बंद करा म्हणाली नाही, फक्त चहा ठेवून जायची.

पेटीवाली_आत्या

पेटीचा विषय निघाला म्हणून राहवलं नाही. सहातारी, बाबांची पेटी जुनी असेल ना, मग गिटारशी सूर कसा जुळवता? जुन्या पेट्या बहुतेक थोड्या चढ्या असतात. कोणाच्या सांगण्यावरून सूर उतरवायला देऊ नका. सूर बदलायचा म्हणजे पितळेच्या सुरीला (आतली आवाज देणारी पट्टी) खरवडतात, टोकाशी खरवडलं की चढतो, बुडाशी खरवडलं की उतरतो, पण प्रत्येक वेळी सुरी पातळ होते. बाबांच्या कानाला जो सूर सवयीचा आहे तो तसाच राहू द्या. पावसाळ्यात पेटी जमिनीवर ठेवू नका, भात्याचं कातडं अन् कापड ओल धरते, अन् उंदरांपासून सांभाळा.

अन् पोरीला सांगा भाता पूर्ण मिटेपर्यंत थांबायचं नाही, थोडी हवा आत असतानाच पुढचा हात द्यायचा. सूर तुटत नाही मग.

सहातारी

@पेटीवाली_आत्या अगदी बरोबर ओळखलं तुम्ही. पेटी चढीच आहे. ट्युनरवर पाहिलं तर जिथं ४४० हर्ट्झ पाहिजे (बाकी वाद्यं त्याच सुरावर लावतात) तिथं ४४६ च्या आसपास येते, म्हणजे अर्ध्या सुराचा साधारण पाव भाग वर. पहिल्यांदा बँडवाल्यांनी बाबांना सोबत घेऊन वाजवायचं ठरवलं, बाबांच्या पंच्याहत्तरीला, तेव्हा सगळे ऐकूनच थांबले, पेटी अन् कीबोर्ड एकत्र लागले की आवाज थरथरायचा. मी म्हटलं पेटी नीट करून घेऊ. आमचा रेल्वेवाला म्हणाला "काकांच्या पेटीले काहून हात लावतो, आपण वर येऊ ना." त्यानं कीबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन ४४६ केलं, मी अन् बासवाल्यानं ट्युनर ४४६ वर ठेवून तारा चढवल्या, ताई म्हणाली माझा गळा कुठंही येते. तेव्हापासून आमचा बँड ४४६ वरच वाजवतो. बाबा नसले तरी. कोणी बाहेरचा येऊन वाजवायला बसला की पहिले त्याला हे सांगावं लागते.

बाबांना तेव्हा अटॅक आलेला नव्हता, दोन्ही हातांनी वाजवलं होतं त्यांनी. रेकॉर्डिंग आहे माझ्याजवळ. नंतर दवाखान्यातून आल्यावर ते ऐकू देऊ नये असं मला वाटायचं, पण त्यांनीच मागितलं एक दिवस, अन् ऐकून झाल्यावर नातीला म्हणाले इथं माझी हवा कमी पडली होती, तू असती तर पडली नसती. ती ते वाक्य सगळ्यांना सांगत फिरते.

उन्हाळ्याचं पण कोणाला उपयोगी पडेल म्हणून लिहितो. आपल्याकडे मे महिन्यात हवा इतकी कोरडी होते की गिटारचं लाकूड आकसते, फ्रेटच्या तारांची टोकं बाजूनं हाताला टोचायला लागतात, तारा खाली येऊन झणझण वाजतात. अन् कूलर असलेल्या खोलीत ठेवली तर उलटं, ओल धरून पोट फुगते. मी केसमध्ये ठेवतो, ओल्या स्पंजची छिद्राची डबी आत ठेवून, अन् केस कूलरच्या झोतात ठेवत नाही. पावसाळा लागला की डबी काढून टाकतो. बासवाल्याचं तर जून महिन्यात गिटारच्या मानेतला लोखंडी रॉड थोडा फिरवणं ठरलेलंच असते.

ठेका_त्रिमूर्तीनगर

भाऊ ४४६ चं वाचून मजा आली, तबल्याला काहीच फरक पडत नाही, हातोडीनं थोडं वर घेतलं की झालं. उन्हाळ्यात तर आपोआपच पुडी (तबल्याचं कातडं) आवळून वर जाते, पावसाळ्यातच मेहनत. मी जवळच राहतो. शनिवारी बाबांसोबत कधी बसता येईल का? मंडळाचे दोघं टाळ घेऊन येतात म्हणता, पखवाजाचा ठेका तबल्यावर धरता येते मला. माझे वडील लवकर गेले, घरात मोठ्या माणसाच्या मागं वाजवायची सवय तुटली आहे.

इतवारीचा_ठेका

दादा, हा धागा आमच्या ताईनं मला पाठवला. मी या साइटवर कधी लिहिलं नाही, आजच नाव घेतलं. सगळं वाचलं. दुकानात बसून वाचलं, गिऱ्हाईक उभं होतं तरी वाचलं.

पहिली गोष्ट, दवाखान्याचं तुम्ही लिहिलं, त्याच्यात लिहिण्यासारखं काही नाही. काकांनी मला पहिल्या दिवशी विचारलं होतं बाळ तू कोणाचा, मी सांगितलं मस्कासाथचा अमक्याचा, तर म्हणे तुझ्या आजोबाच्या हातचा ढोलक ऐकला आहे मी. माझ्या घरात कोणालाच माहीत नव्हतं की आजोबा ढोलक वाजवायचे, माझ्या बापाला पण नीट माहीत नव्हतं. माझं वाजवणं कुठून आलं ते मला तुमच्या घरात कळलं. मग मी बाकड्यावर झोपणार नाही तर कोण झोपणार.

दुसरी. फीचं खरं आहे, ते लपवत नाही. पण तुम्ही माझ्या पोराच्या फीच्या आड येता हे लिहिलं ते काढून टाका डोक्यातून. २०२१ च्या एप्रिलमध्ये, नागपुरात बेड मिळत नव्हते तेव्हा, माझ्या घरी सगळे पडलेले होते, माझ्या दाराशी रोज डबा ठेवून जाणारं कोण होतं? वहिनी अन् तुम्ही. कीबोर्डवाला ड्यूटी करून सिलिंडर शोधत फिरला. ते मी इथं पहिल्यांदाच लिहितो.

तिसरी म्हणजे मार्ग. मी हॉटेलवाल्याशी बोललो. त्याला पाचच माणसं पाहिजे असं नाही, छोटा हॉल आहे, तीन चालतात. ताई, मी, अन् माझ्या ओळखीचा एक पोट्टा आहे गिटार अन् थोडं कीबोर्ड दोन्ही वाजवणारा, शिकून राहिला आहे अजून पण हात चांगला. पहिला अन् तिसरा शनिवार. बायकोला विचारलं, ती म्हणाली बाकीचे दोन घरी पाहिजे. @ड्रमरची_बायको वहिनी, तुमचा लाल पेन आमच्याकडे पण येणार आहे असं दिसते.

बँडाचं नाव तिथं वापरणार नाही. तो आपल्या पाच जणांचा आहे. रविवारी नऊला मी येतोच, शनिवारी एक वाजता झोपलो तरी येतो.

महालचा_पोट्टा

इतवारी भाऊ, एक नंबर. ठरलेलं लिहून घ्या मात्र, कॅन्सल झाल्यास किती, जेवण आहे का, साउंड कोणाचा. मैत्रीत पण लिहून घ्या अन् हॉटेलसोबत तर नक्कीच. अन् नवीन पोट्ट्याला ४४० वरच राहू द्या तिथं, ट्रॅक (आधीच रेकॉर्ड केलेली साथ) वाजवायची वेळ आली तर ते सगळे ४४० चे असतात.

काळी_एक

गणिताच्या बाईंना माझा निरोप द्या. पहिल्या शनिवारी मी अन् माझी पत्नी येऊन बसू, अनोळखी म्हणून. चांगलं झालं तर चांगलं म्हणू अन् जिथं सूर कमी लागला तिथं तेही सांगू, त्यांना तेच पाहिजे आहे ना.

सहातारी

काल रविवारी प्रॅक्टिसला सगळे होते, रेल्वेवाला पण, सकाळी सहाला गाडी लावून अंघोळ करून सरळ इकडं. अर्धा तास वाजवलंच नाही, बोलतच बसलो. इतवारीचा भाऊ म्हणाला तसंच ठरलं. माझा छोटा मिक्सर अन् दोन माइक त्यांनी शनिवारी घेऊन जायचे, भाडं-बिडं काही नाही. ताईला नवीन गाणी बसवायची आहेत त्यासाठी रविवारचा शेवटचा तास तिचा.

बाबांना सगळं सांगितलं. त्यांना वाटत होतं त्यांच्यामुळे आमचं काम गेलं, म्हणून आधी थोडे गप्प होते. मग इतवारीच्या भावानं त्यांच्या पायाशी बसून हॉटेलचं सगळं सांगितलं, कुठं स्पीकर, कुठं ताई उभी राहणार, अन् त्यांनी त्याला पहिल्या गाण्याला लय किती ठेवायची ते सांगितलं. सावकाश सुरू कर, लोक जेवत असतात.

@कान_नाक_घसा इअरप्लग सगळ्यांना सांगितले आहेत, पोरीला पण.

@पुण्यात_नागपूरकर कोजागिरीला आमच्या गच्चीवर दरवर्षी बसतो आम्ही, मसाला दूध असते. रात्री दहापर्यंत माइक, कारण दहानंतर लाउडस्पीकर बंद हा नियम आहे अन् आम्ही तो पाळतो, मग पुढं नुसत्या गळ्यानं अन् पेटीवर. बाबांची खुर्ची वर न्यायला चार माणसं लागतात, ती बँडचीच असतात. तुम्ही तेव्हा नागपूरला येणार असाल तर निरोप टाका, आईंना पण घेऊन या.

@ठेका_त्रिमूर्तीनगर भाऊ, येत्या शनिवारी साडेसहापर्यंत या, पत्ता निरोपातून पाठवतो. बाबा काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला सा धरून) वाजवतात, अन् ते आपल्या ४४६ च्या हिशेबानं. तुमचा तबला काळी एकचा आहे की पांढरी दोनचा तेवढं कळवा. पांढरी दोनचा असला तर मंडळाच्या काकांना आधी सांगून ठेवतो, भजनं त्या पट्टीत निवडावी लागतील.